द्रवाचे तापमान : कारखाना-बांधणीच्या खेळाच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२५

नळ्यांमधून वाहणाऱ्या द्रवाला तापमान देण्याचे काम आजपासून हाती घेतले. आतापर्यंत मी बनवत असलेल्या संगणक-खेळात द्रवाविषयी दोनच गोष्टी नोंदवल्या जात होत्या, तो कोणता आहे आणि किती आहे. कारखाना उभारण्याच्या बहुतेक खेळांत एवढेच असते आणि एवढ्यावर ते उत्तम चालतात. ‘सॅटिसफॅक्टरी’मध्ये पाणी उंचावर चढवायला पंप लावावे लागतात, पण ते पाणी गरम की गार हा प्रश्न तिथे कधीच उद्भवत नाही.

‘फॅक्टोरिओ’त तापमान आहे. पाणी १५ अंश सेल्सिअसला येते, बॉयलरची वाफ १६५ अंशांची असते आणि अणुभट्टीला जोडलेल्या हीट एक्स्चेंजरची (उष्णता एकाकडून दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राची) ५०० अंशांची. वाफेच्या एका एककात प्रत्येक अंशामागे ०.२ किलोज्यूल ऊर्जा धरलेली आहे, त्यामुळे सेकंदाला ३० एकके वाफ घेणारे इंजिन १५० अंशांच्या फरकातून बरोबर ९०० किलोवॅट देते, आणि ६० एकके घेणारे टर्बाइन ४८५ अंशांच्या फरकातून ५.८२ मेगावॅट. हा हिशेब कागदावर करून पाहिला की मन प्रसन्न होते. मात्र टाकीत भरून ठेवलेली ५०० अंशांची वाफ तिथे कितीही तासांनी ५०० अंशांचीच निघते. त्या खेळात तापमान म्हणजे द्रवाच्या प्रत्येक एककावर लिहिलेली ऊर्जेची रक्कम आहे, आणि ती वाटेत कमी होत नाही. दुसऱ्या टोकाला ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ आहे. तिथे प्रत्येक घर (पटावरचा एक चौकोन), प्रत्येक नळी आणि प्रत्येक यंत्र शेजाऱ्याशी उष्णतेची देवाणघेवाण करत असते, नळीत पाणी गोठले किंवा उकळले तर नळी फुटते, आणि द्रव थंड करणारे यंत्र एका फेरीत १४ अंश काढून घेते ते सगळे स्वतःच्या अंगावर घेते.

मला या दोहोंच्या मधली जागा हवी आहे. म्हणून कामाची कसोटी आजच लिहून ठेवते : तापमानाचा कोणताही नियम खेळात तेव्हाच राहील, जेव्हा त्याच्यामुळे खेळाडू एखादे यंत्र दुसऱ्या जागी नेईल किंवा नळीची वाट बदलेल. नुसता आकडा वाढवणारा नियम काढून टाकायचा.

७ जून

पहिली आवृत्ती चालू झाली. प्रत्येक नळीत आणि टाकीत वस्तुमान ग्रॅममध्ये आणि तापमान अंशाच्या शंभराव्या भागात, दोन्ही पूर्णांकांत ठेवले आहे. पूर्णांकांचा आग्रह एकापेक्षा जास्त खेळाडूंच्या खेळासाठी आहे. तिथे प्रत्येक संगणक तीच गणना स्वतंत्रपणे करतो, आणि दशांश अपूर्णांकांच्या गणितात शेवटच्या अंकाचा फरक पडला तरी काही मिनिटांत दोन खेळाडूंचे कारखाने एकमेकांपासून वेगळे होतात. दोन द्रव मिसळले की वस्तुमानाच्या प्रमाणात सरासरी काढायची आणि उरलेला अपूर्णांक सोडून द्यायचा, असा साधा नियम सध्या लावला आहे.

९ जून

साधा नियम दोन दिवसही टिकला नाही. चाचणीसाठी १,००० किलो पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवली आणि तिच्यात प्रत्येक टिकला ६४ अंशांचे एक किलो पाणी सोडून तेवढेच बाहेर काढत राहिले. टिक म्हणजे खेळाच्या गणनेची एक फेरी; एका सेकंदाला २० टिक होतात. टाकी हळूहळू ६४ अंशांकडे जायला हवी होती, पण अर्धा तास गेला तरी काटा ६०.०० वरून हलला नाही.

कारण समोरच होते. नवी सरासरी ६०.००३९९ येते आणि शंभराव्या भागानंतरचे सगळे गळून पडते, म्हणजे पुन्हा ६०.०० उरते. आत येणारे पाणी टाकीपेक्षा दहा अंशांनी जास्त गरम असल्याशिवाय एवढी मोठी टाकी तापणारच नव्हती, आणि दर टिकला १६.८ किलोज्यूल, म्हणजे ३३६ किलोवॅट, कुठेच न जाता नाहीसे होत होते. उलट बाजूने पाहिले तर ५६ अंशांचे पाणी सोडताच टाकी दर टिकला पूर्ण ०.०१ अंशाने उतरत होती, जेव्हा तिने ०.००४ ने उतरायला हवे होते. तापायला नकार आणि निवायला घाई, असा एकतर्फी स्वभाव त्या टाकीला केवळ भागाकारामुळे आला होता.

अचूकता वाढवून शंभराव्याऐवजी लाखावा भाग धरता येईल, पण त्याने चूक फक्त लहान होईल. खेळाडू शेकडो तास एकच कारखाना चालवतात, आणि इतक्या काळात लहान चूक मोठी होण्यास भरपूर अवधी मिळतो.

१४ जून

पाच दिवस सगळे उलटे मांडण्यात गेले. आता टाकीत तापमान साठवलेलेच नाही, तिथे फक्त वस्तुमान आणि ऊर्जा आहे, ऊर्जा पूर्ण ज्यूलमध्ये. तापमान हवे तेव्हा ऊर्जेला वस्तुमानाने आणि विशिष्ट उष्माधारकतेने (एक किलो द्रव एका अंशाने तापवायला लागणाऱ्या ऊर्जेने) भागून काढायचे, आणि ते काढून कुठेही परत लिहायचे नाही. द्रवाचा काही भाग पुढे जातो तेव्हा त्याच्या वाट्याची ऊर्जा खालच्या पूर्णांकापर्यंत मोजून पुढे पाठवायची आणि भागाकारात उरलेला ज्यूलचा अंश मागच्या टाकीतच राहू द्यायचा. त्यामुळे ऊर्जा एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, पण सांडत नाही.

शून्य कुठे धरायचे यावर थोडा विचार करावा लागला. शून्य अंश सेल्सिअसला शून्य ऊर्जा धरली तर त्याखालच्या द्रवांची ऊर्जा ऋण होते आणि ऋण संख्यांचा पूर्णांक भागाकार वेगळ्या दिशेला झुकतो, म्हणजे ९ जूनचा आजार मागच्या दाराने परत येतो. म्हणून उणे २७३ अंशांना शून्य मानले. सर्वांत मोठी टाकी २५,००० किलोंची आणि तापमानाची कमाल मर्यादा १,००० अंशांची धरली, तर ऊर्जा आणि ग्रॅम यांचा गुणाकार साधारण ३३ वर १७ शून्ये एवढा होतो. ६४ बिटांच्या पूर्णांकात ९२ वर १७ शून्ये मावतात, तेव्हा इथे चिंता नाही.

रात्री कारखाना एकटा चालत ठेवला. १२ तास, म्हणजे ८,६४,००० टिक. जळालेल्या इंधनाची ऊर्जा, हवेत गेलेली ऊर्जा आणि नळ्यांत असलेली ऊर्जा यांची बेरीज सकाळी ताडून पाहिली. फरक शून्य ज्यूल आला. हा आकडा मी तीन वेळा तपासला.

२१ जून

टाकीचा प्रश्न सुटला, आता नळीचा. नळ्यांचे अख्खे जाळे एकच भांडे मानणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, ‘फॅक्टोरिओ’च्या २.० आवृत्तीत जोडलेल्या नळ्यांचा असाच एक खंड मानला जातो आणि त्यामुळे गणना खूप हलकी होते. प्रमाणापुरते बोलायचे तर हा उपाय योग्य आहे. तापमान आले की मात्र तो अंगाशी येतो, कारण जाळ्याच्या एका टोकाला ओतलेले उकळते पाणी त्याच टिकला दुसऱ्या टोकाचे तापमान वाढवते. उष्णतेला प्रवास करावा लागला नाही, तर नळीची लांबी निरर्थक ठरते आणि माझी कसोटी पहिल्याच पायरीवर नापास होते.

दुसरा मार्ग प्रत्येक घराला स्वतंत्र भांडे मानण्याचा आहे. तो करून पाहिला. गरम पाण्याचा लोंढा नळीत सोडला की प्रत्येक घरात तो आधीच्या पाण्यात थोडा मिसळतो, आणि तीस घरे ओलांडेपर्यंत त्याची कडा इतकी पसरते की शेवटच्या यंत्राला कोमट पाण्याची एक लांबलचक चढण तेवढी दिसते. हे मिसळणे पाण्याचे नव्हे, माझ्या घरांच्या मांडणीचे होते.

म्हणून आता दोन जोडांच्या मधल्या सलग नळीत द्रव रांगेने ठेवला आहे. प्रत्येक रांग म्हणजे वस्तुमान आणि ऊर्जा लिहिलेल्या पुड्यांची माळ आहे; एका बाजूने पुडी आत सरकते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. शेजारच्या दोन पुड्यांच्या तापमानांत अर्ध्या अंशाहून कमी फरक असेल तर त्या एक होतात, नाहीतर माळ वाढतच जाईल. खरे मिसळणे फक्त जोडांवर आणि टाक्यांत होते. स्थिर चाललेल्या कारखान्यात बहुतेक नळ्यांत पाच-सात पुड्याच उरतात, त्यामुळे माझ्या भीतीपेक्षा हे बरेच स्वस्त पडले.

२८ जून

नळी हवेला उष्णता देऊ लागली. नियम न्यूटनचा, जेवढा फरक जास्त तेवढी गळती जास्त. साध्या नळीसाठी दर घराला, दर अंशाला ४२ वॅट ही किंमत धरली आहे, आणि वेष्टण असलेल्या नळीसाठी तिचा दहावा भाग.

८० अंशांचे पाणी सेकंदाला २ किलो या वेगाने, २० अंशांच्या हवेतून ४० घरे नेले तर दुसऱ्या टोकाला ६९ अंशांचे मिळते. तोच प्रवाह १ किलोवर आणला तर ६०. हे मी मुद्दाम लिहिलेले नाही; पाणी नळीत दुप्पट वेळ राहते, म्हणून दुप्पट वेळ निवते. पण खेळाडूच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे, कारण शेवटच्या यंत्रांपैकी एक बंद पडले की उरलेल्या यंत्राला मिळणारे पाणी गार होते. कमी वापर म्हणजे जास्त सुबत्ता, ही या प्रकारच्या खेळांतली जुनी सवय इथे मोडते.

५ जुलै

दिवसभर एकाच गोष्टीचा माग काढला. एका हीट एक्स्चेंजरची नळी रिकामी होत असताना तिच्यातले पाणी क्षणात १३९ अंशांवर आणि पुढच्याच क्षणी उणे ३७ वर जात होते, आणि त्यानंतर आकडे दोन्ही बाजूंना वाढतच जात होते.

नोंदी उघडून एक एक टिक पाहिला. नळीत ४० ग्रॅम पाणी उरले होते, २० अंशांचे. ते एका अंशाने तापवायला १६८ ज्यूल पुरतात. पलीकडे एक किलो पाणी ७० अंशांवर होते, आणि माझा नियम फरकाच्या दर अंशाला एका टिकमध्ये ४०० ज्यूल नेत होता. पन्नास अंशांच्या फरकाला २०,००० ज्यूल गेले, म्हणजे बिचारे ४० ग्रॅम पाणी एका उडीत ११९ अंशांनी चढले. आता तेच जास्त गरम झाले, म्हणून पुढच्या टिकला त्याहून जास्त उष्णता उलटी गेली. ऊर्जेचा एकूण हिशेब या सगळ्या गोंधळात शेवटच्या ज्यूलपर्यंत बरोबर होता, ही त्यातली सर्वांत शिकवणारी बाब. ऊर्जा टिकली म्हणजे गणना खरी झाली असे नाही.

उपाय जुनाच आहे. फरकाला वेळेने गुणण्याऐवजी, दोन भांडी एका टिकच्या अवधीत समतोलाच्या किती जवळ पोहोचली असती ते घातांकी सूत्राने काढायचे. ते प्रमाण कधीच शंभर टक्क्यांपलीकडे जात नाही, त्यामुळे उडी समतोल ओलांडत नाही. सूत्राची किंमत प्रत्येक संगणकावर तंतोतंत तीच यावी म्हणून १,०२४ मूल्यांचा तक्ता आधीच काढून पूर्णांकांत ठेवला.

१२ जुलै

हीट एक्स्चेंजर आज मनासारखा झाला, आणि आतापर्यंतच्या कामातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे.

यंत्र आठ घरांचे आहे. एका बाजूने गरम प्रवाह जातो, दुसऱ्या बाजूने गार, आणि आठही घरांत समोरासमोरच्या पाण्यात देवाणघेवाण होते. दोन्ही प्रवाह सारखे, गरम ९० अंशांचा, गार २० अंशांचा. दोन्ही एकाच दिशेने सोडले तर गार पाणी ५४.६ अंशांवर बाहेर पडते आणि गरम ५५.४ वर, यंत्र कितीही लांब केले तरी दोघांची भेट ५५ वर होऊन थांबते. मग फक्त एका प्रवाहाची दोन तोंडे अदलाबदल केली, बाकी काही बदलले नाही, आणि गार पाणी ६८ अंशांवर बाहेर आले. गरम पाणी ४२ वर. जे पाणी तापवले ते, ज्याने तापवले त्याच्यापेक्षा गरम होऊन बाहेर पडले, आणि तरीही कोणत्याही घरात उष्णता गाराकडून गरमाकडे गेलेली नाही. प्रत्येक घरात फरक बरोबर १६ अंशांचा आहे, पहिल्यापासून आठव्यापर्यंत. उलट दिशांनी वाहणाऱ्या प्रवाहांत हा फरक सगळीकडे सारखा राहतो, म्हणून शेवटचे घरही पहिल्याइतकेच काम करते.

अभियांत्रिकीतल्या सूत्राने याच आकाराच्या यंत्रातून ७२.५ अंश यायला हवेत. माझे ६८ येतात ते आठच भाग केल्यामुळे. तेवढेच पृष्ठफळ सोळा भागांत वाटले तर ७०.१ येतात. मी आठच ठेवणार आहे. खेळाडूला घरे मोजता आली पाहिजेत, आणि दोन अंशांसाठी यंत्राची लांबी दुप्पट करणे योग्य वाटत नाही.

यंत्रावर दिशेचा बाण दाखवायचा का, हे अजून ठरवलेले नाही. बाण दाखवला तर हा शोध खेळाडूचा राहत नाही. न दाखवला तर अनेकांना तो लागणारच नाही. तूर्त दोन्ही टोकांची चारही तापमाने यंत्रावर लिहिली आहेत, आणि बाण नाही.

१६ जुलै

दाटपणाचा नियम काढून टाकला. गार पाण्यापेक्षा गरम पाणी पातळ असते. २० अंशांना असलेला दाटपणा ८० अंशांना जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो, त्यामुळे प्रवाहाचा वेग बदलायला हवा होता. बदल झाला, पण त्यामुळे कोणतीही नळी कोणी दुसरीकडे नेली नसती.

२६ जुलै

बॉयलर. धाकट्या भावाला खेळायला बसवले. असले खेळ तो माझ्यापेक्षा चांगले खेळतो आणि काय खटकते ते लगेच सांगतो. १०० किलो पाण्याच्या बॉयलरला एक मेगावॅटची आग लावून तो वाट पाहत बसला. २० अंशांवरून काटा अर्ध्या मिनिटात १०० वर गेला आणि तिथेच थांबला. दोन मिनिटे गेली. “ताई, बॉयलर अडकला आहे,” तो म्हणाला.

बॉयलर अडकला नव्हता. एक किलो पाणी २० वरून १०० अंशांवर न्यायला ३३६ किलोज्यूल लागतात, आणि तेच पाणी तापमान न बदलता वाफ व्हायला २,२५७ किलोज्यूल, जवळजवळ सातपट. सगळे पाणी उकळून जायला आणखी २२६ सेकंद लागणार होते, आणि त्या सगळ्या वेळात काटा हलणार नव्हता. ‘फॅक्टोरिओ’ आणि ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ या दोन्हींत हा अप्रकट उष्मा धरलेला नाही, त्यामुळे सरावलेल्या खेळाडूला ही विश्रांती अनोळखी वाटणारच. माझ्याकडे ती जवळजवळ आपोआप आली, कारण साठवलेली गोष्ट ऊर्जा आहे. ऊर्जेवरून तापमान काढण्याच्या रेषेत १०० अंशांवर एक सपाट तुकडा घातला की झाले. तापमान साठवले असते, तर निम्मे उकळलेले पाणी लिहून ठेवायला जागाच नसती.

अप्रकट उष्मा ठेवायचाच, हे नक्की केले. वाफ हे उष्णता वाहून नेण्याचे इतके चांगले साधन का आहे, ते त्याच्याशिवाय समजत नाही. एक किलो वाफ पाण्यात निवते तेव्हा तेच २,२५७ किलोज्यूल पोहोचत्या जागी उतरतात, म्हणून बारीक नळीतून दूरवर पुष्कळ उष्णता नेता येते, आणि खेळाडूसमोर पहिल्यांदा खरी निवड उभी राहते : जवळच्या यंत्रांना गरम पाणी, दूरच्यांना वाफ.

याच निमित्ताने जुना इतिहास पुन्हा वाचला. ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला अप्रकट उष्मा ओळखला, आणि त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉट यांच्या हाती न्यूकोमेन इंजिनाचे एक छोटे प्रारूप आले. त्या इंजिनात वाफ सिलिंडरातच गार पाण्याने निववली जात असे, त्यामुळे पुढच्या प्रत्येक फेरीला सिलिंडर पुन्हा तापवण्यातच बरीचशी वाफ खर्च होई. वॉट यांना १७६५ मध्ये सुचलेला उपाय म्हणजे निववण्याचे भांडे वेगळे करणे : गरम ते कायम गरम, गार ते कायम गार. हा मांडणीचाच उपाय आहे, एक यंत्र दोन जागी ठेवण्याचा. माझ्या खेळातले पहिले इंजिन आता एकाच भांड्याचे असेल, आणि वेगळे निववण-भांडे खेळाडूने स्वतः शेजारी बांधायचे.

भावाच्या तक्रारीवर काटा बदलला नाही. त्याच्या शेजारी किती पाणी उकळले ते दाखवणारी दुसरी पट्टी दिली, आणि काचेत बुडबुडे.

३ ऑगस्ट

यंत्रांना तापमान कशासाठी लागते, हा प्रश्न मी आतापर्यंत टाळत आले होते. तात्पुरता नियम उंबरठ्याचा होता, म्हणजे ६० अंशांच्या वर असेल तर यंत्र चालते, खाली असेल तर बंद. भावाने त्याचा निकाल एका संध्याकाळी लावला. त्याने सगळ्या कारखान्यासाठी ९५ अंशांची एकच नळी फिरवली आणि तापमानाचा विचार करणे सोडून दिले. त्याचे वागणे अगदी योग्य होते. नियमच तसा होता. नुसता उंबरठा असला की जास्त गरम म्हणजे नेहमी जास्त चांगले, आणि मग निवड उरत नाही.

गारव्यालाही किंमत हवी होती. ती विद्राव्यतेत सापडली. १०० ग्रॅम पाण्यात सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ६० अंशांना सुमारे ११० ग्रॅम विरघळतो, आणि २० अंशांना सुमारे ३२. साधे मीठ मात्र दोन्ही वेळा ३६-३७ ग्रॅमच्या आसपास राहते. दोन्ही मिसळलेले द्रावण गरम करून निववले, तर सोऱ्याचे स्फटिक खाली बसतात आणि मीठ पाण्यात राहते. इथे उत्पादन गरम टाकीतही होत नाही आणि गार टाकीतही नाही, ते दोघींच्या फरकातून होते. शिवाय निवणाऱ्या द्रावणाची उष्णता पुढच्या गार द्रावणाला देता येते, म्हणजे १२ जुलैचा हीट एक्स्चेंजर सजावटीचा राहत नाही. हे लिहून झाल्यावर मला खऱ्या अर्थाने वाटले की खेळात आता तापमान आले आहे.

१९ ऑगस्ट

गंधकावर दोन आठवडे गेले, आणि ते सार्थकी लागले.

गंधक ११५ ते ११९ अंशांच्या दरम्यान वितळतो आणि पिवळसर, पाण्यासारखा वाहणारा द्रव होतो. त्याला आणखी तापवले की १५९ अंशांच्या सुमारास त्याचे वागणे उलटते. आठ-आठ अणूंची कडी उघडतात, एकमेकांना जोडून लांब साखळ्या होतात, आणि वाहता द्रव काही अंशांतच तांबूस, चिकट आणि हजारो पटींनी दाट होतो. म्हणून खऱ्या कारखान्यांत वितळलेला गंधक वाफेच्या आवरणातल्या नळीतून, या दोन मर्यादांच्या मधे सांभाळून नेतात. खालीही भिंत आणि वरही भिंत असलेला हा द्रव मला हवा तसाच आहे. ९५ अंशांच्या नळीचा सोपा मार्ग इथे चालत नाही, आणि १६५ अंशांच्या वाफेचे आवरण दिले तर थांबलेला गंधक तापत तापत वरच्या भिंतीला जाऊन भिडतो. वाफ कमी दाबाची, साधारण १४० अंशांची, घ्यावी लागते. १६ जुलैला काढून टाकलेला दाटपणा मी फक्त गंधकासाठी परत आणला, कारण इथे तो नळी हलवायला लावतो.

गोठलेल्या नळीचे काय करायचे, हा प्रश्न अवघड होता. पहिल्या आवृत्तीत वीज गेली, वाफ थांबली, आणि भावाच्या तीन तासांच्या कारखान्यातला सगळा गंधक नळ्यांत दगड होऊन बसला. नळ्या तोडून पुन्हा बांधण्याशिवाय मार्ग नव्हता, आणि त्याने खेळ बंद केला. शिक्षा चुकीच्या मानाने फार मोठी होती. आता नळी फुटत नाही. गोठलेला गंधक जागेवर राहतो, आणि आवरणातून पुन्हा वाफ सोडली की आवरणाजवळचा थर आधी वितळून मार्ग मोकळा होतो. बाहेर आवरणच नसेल तर नळी तोडावी लागते, पण तोडली की गंधक घन स्वरूपात पूर्ण परत मिळतो.

३० ऑगस्ट

रंग. तापमानानुसार नळीला निळ्यापासून तांबड्यापर्यंत रंग दिला होता, तो काढला. १२० आणि १५० अंश यांत डोळ्याला फरक दिसत नाही, आणि काही खेळाडूंना हे रंग मुळातच वेगळे दिसत नाहीत. आता नळीवर बोट ठेवले की तिच्या पूर्ण लांबीचा आलेख उघडतो, पुडीगणिक पायऱ्यांचा, आणि द्रवाच्या दोन्ही भिंती त्यावर आडव्या रेषांनी दिसतात.

१३ सप्टेंबर

मिश्रण-झडप (गरम आणि गार पाणी मिसळून हवे ते तापमान देणारी) आणि तापमान मोजून झडपेला कळवणारा खांब, असे दोन नवे भाग भावाला दिले आणि काही न सांगता पाहत बसले. त्याला सोऱ्याच्या दोन कुंडांसाठी ६० अंशांचे पाणी हवे होते. झडप त्याने बॉयलरपाशी ठेवली, खांब ४० घरे दूर, कुंडांजवळ, कारण तापमान महत्त्वाचे होते ते कुंडांतच. नळीच्या दर घरात ५ किलो पाणी मावते आणि प्रवाह सेकंदाला २ किलो, म्हणजे झडपेने केलेला बदल खांबाला दिसायला १०० सेकंद लागतात. खांब गार म्हणतो, झडप गरम पाणी वाढवते, पुढची १०० सेकंद खांब गारच म्हणत राहतो, आणि शेवटी नळीभर उकळते पाणी येऊन पोहोचते. मग हेच उलट दिशेने. त्याने आलेख उघडला तेव्हा नळीत गरम आणि गार पाण्याच्या पट्ट्या एकामागून एक सरकताना दिसत होत्या.

त्याने खांब झडपेशेजारी आणला. पट्ट्या थांबल्या, पण कुंडांत आता ५३ अंशच पोहोचत होते, बाकीची उष्णता वाटेत हवेला जात होती. त्याने झडप ६९ वर नेली आणि कुंडांत बरोबर ६० आले. दहा मिनिटांनी एक कुंड भरून थांबले, प्रवाह निम्मा झाला, आणि दुसऱ्या कुंडातले पाणी ५३ वर उतरले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने दोन्ही कुंडे उचलून झडपेपासून सहा घरांवर आणली आणि झडप ६१ वर लावली. दोन्ही कुंडे चालू असताना ५९.८ अंश, एक थांबले तर ५८.६. तयार सोरा नेणारा पट्टा त्याला त्यामुळे ३४ घरांनी लांबवावा लागला, आणि तो त्याने तक्रार न करता लांबवला.

सध्या वेष्टण असलेल्या नळीची किंमत साध्या नळीच्या दुप्पट आहे, आणि तरीही त्याने ती वापरली नाही. ती किंमत पुढच्या चाचणीपूर्वी साध्या नळीच्या दीडपटीवर उतरवून पाहायची आहे.